तोंड येण्याआधीची कामं : केमो घेणाऱ्या मुलांच्या तोंडाच्या काळजीचा प्रकल्प, पुणे (कामाच्या नोंदी)

१२ मे २०२५

कामाची हद्द ठरली. दोन फाटे आहेत. (अ) वॉर्डात आणि घरी रोज करायची तोंडाची काळजी. (ब) तोंडात धरायचा, लाल प्रकाश देणारा सिलिकॉनचा पट्टा. (ब) मधलं काहीही सध्या मुलाच्या तोंडात जाणार नाही, सगळं टेबलावरच तपासायचं. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खालचा चाचणीचा परवाना आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. (अ) साठी मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही, आणि (अ) ढिला असेल तर (ब) वर पैसे घालण्यात अर्थ नाही.

दिवसांचं गणित वॉर्डाच्या भिंतीवर लावलं. गालाच्या आतलं, ओठांच्या आतलं अस्तर सतत नव्यानं तयार होत असतं. झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारणारं औषध त्यालाही सोडत नाही. केमोनंतर साधारण ५ ते ७ दिवसांनी लाली आणि चुरचुर, ७ ते १४ या दिवसांत व्रण सगळ्यात वाईट, आणि काऊंट (रक्तातल्या पेशींची संख्या) वर आले की दोन-तीन आठवड्यांत भरून येतात. यातली मेख अशी की सोलापूर, बीड, अहिल्यानगरकडची मुलं तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुट्टी मिळून स्वारगेटला किंवा वाकडेवाडीला एसटीत बसलेली असतात. तोंड येतं ते गावी. काळजी घ्यायचे दिवस नेमके ते, ज्या दिवसांत तोंड चांगलं दिसतं आणि मूल आपल्या डोळ्यांसमोर नसतं. सगळी आखणी याच्याभोवतीच होईल.

जास्त लक्ष कुणावर : हाय-डोस मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सायटाराबिन घेणारी मुलं, बोनमॅरो ट्रान्सप्लांटआधी मेल्फालन घेणारी मुलं, डोकं-मानेचं रेडिएशन चालू असलेली मुलं. आधीच किडलेले दात, हलणारा दुधाचा दात, दाताचा धारदार कोपरा असेल तर धोका वाढतो. म्हणून पहिल्या सायकलआधी डेंटिस्टनं तोंड बघितलं की नाही, ही चौकट केस पेपरवर छापून घेतली. दात काढायचा असेल तर तो काऊंट पडण्याआधी काढून जखम भरायला वेळ मिळाला पाहिजे. काऊंट पडल्यावर दात काढणं म्हणजे संसर्गाला दार उघडून देणं.

१९ मे

घरी न्यायची पिशवी ठरली. मऊ दात्यांचे दोन ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, ५ मिलिची प्लास्टिकची मापपळी, झाकणाची एक लिटरची बाटली, निर्जंतुक गॉज, छोटा टॉर्च, तारखांचा तक्ता.

दोन ब्रश मुद्दाम. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सकाळचा ब्रश रात्रीपर्यंत वाळत नाही, आणि टोपी घालून ठेवला तर मुळीच नाही. एक सकाळचा, एक रात्रीचा. दाते वर करून उघड्या पेल्यात, मोरीपासून लांब. तीन महिन्यांनी किंवा दाते फाकले की बदलायचा, तोंडाला बुरशी झाली असेल तर ती बरी झाल्यावर लगेच.

पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. फेस करणारं सोडियम लॉरिल सल्फेट काही मुलांना झोंबतं, अशा वेळी ते नसलेली पेस्ट द्यायची. राखुंडी, काळं दंतमंजन नको, ते हिरड्या खरवडतं. घरात आजी मिश्री लावत असेल तर तिचं बोट मुलाच्या दातांना लागता कामा नये. हे स्पष्ट शब्दांत सांगायचं, आडून आडून नाही.

काऊंट पडले की ब्रश बंद करायचा असा समज पालकांत पक्का आहे आणि तो मोडायला वेळ लागतो. ब्रश बंद केला की दातांवर थर चढतो, हिरडी सुजते आणि रक्त जास्त येतं. हलक्या हातानं चालू ठेवायचं. रक्त काही मिनिटांत थांबलं नाही तर मात्र ब्रश थांबवून ओल्या गॉजनं दात पुसायचे आणि वॉर्डात फोन करायचा.

२ जून

मीठ-सोड्याचं पाणी. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, मापपळी सपाट भरून एक मीठ, एक खायचा सोडा. दर तीन-चार तासांनी १५ ते ३० मिलि, अर्धा मिनिट खळखळवून थुंकायचं. २४ तासांनी उरलेलं फेकून बाटली धुवायची. चूळ भरता न येणाऱ्या लहानग्यांना याच पाण्यात गॉज भिजवून, पिळून, बोटाला गुंडाळून गाल, हिरड्या आणि जीभ पुसायची.

गडबड सोड्यात होते. किराणा दुकानात नुसतं ‘सोडा’ म्हटलं की कधी धुण्याचा सोडा हातात येतो, आणि त्यानं तोंड भाजतं. बेकिंग पावडर चालत नाही, इनोही नाही, दोन्हींत आम्ल असतं. म्हणून पिशवीत सोड्याचं पाकीट आमचंच जाईल आणि त्यावर ‘खायचा सोडा, तोंडासाठी’ असं मोठ्या अक्षरात असेल. मीठ दुप्पट टाकलं की जास्त लागू पडतं असं वाटून काही जण मूठभर टाकतात. खारट पाणी झोंबतं आणि मूल दुसऱ्या दिवसापासून तोंड उघडत नाही. चव घामाइतपत खारट, त्यापुढे नाही.

या पाण्यानं व्रण टळतात असा दावा तक्त्यावर लिहायचा नाही. तोंड स्वच्छ आणि ओलं राहतं, चिकट थुंकी निघते, एवढंच त्याचं काम. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश म्युकोसायटिस (केमोनं तोंड येणं) टाळण्यासाठी म्हणून आम्ही देत नाही. त्यासाठी त्याचा फायदा दिसलेला नाही, आणि अल्कोहोल असलेलं निघालं तर आग होते ती वेगळीच.

९ जून

घरगुती उपायांची यादी पालकांकडूनच काढून घेतली. कुणालाही हसायचं नाही असं आधीच ठरलं होतं. हसलं की माणसं सांगणं बंद करतात, करणं नाही.

जाईची पानं चावणं : कच्चा, न उकळलेला पाला, न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली असताना नको. मध : एक वर्षाखाली कधीच नाही, त्यावर काऊंट कमी असताना कच्चा मध नको. टंकणखार किंवा बोरोग्लिसरीन : मूल ते गिळतं आणि बोरॉन अंगात जातं, पूर्ण बंद. दात येताना लावायची जेल : कोलिन सॅलिसिलेट असलेली नको, ती अ‍ॅस्पिरिनच्या कुळातली, शिवाय प्लेटलेट कमी असतात. बेन्झोकेन असलेली दोन वर्षांखाली नको, रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्यानं बिघडू शकते. बधिर करणारं लिग्नोकेनचं औषध डॉक्टरांनी मोजून दिलं तरच. घसा बधिर झालेलं मूल खाताना ठसकतं, आणि जास्त पोटात गेलं तर झटके येऊ शकतात. तूप : ओठांना पातळ बोट लावायला हरकत नाही, घरचं कढवलेलं आणि मुलासाठी वेगळ्या वाटीत काढलेलं.

२० जून

पालख्या शहरात, रस्ते बंद. डे केअरला येणारे कमी. त्यामुळे मेथोट्रेक्सेटचं काम सलग बसून झालं.

हाय-डोस मेथोट्रेक्सेटमध्ये तोंड वाचतं ते औषध वेळेवर अंगाबाहेर गेल्यानं. माउथवॉश त्यापुढे दुय्यम. चार गोष्टी तक्त्यावर.

पहिली, पाणी. ३ लिटर प्रति चौरस मीटर प्रति २४ तास हा नेहमीचा हिशोब. मुलाच्या अंगाचं पृष्ठफळ ०.७ चौ. मी. असेल तर २१०० मिलि, म्हणजे तासाला साधारण ८८ मिलि. पंप बंद पडून दोन तास गेले तर ते पुढच्या नोंदीत दिसलं पाहिजे, नुसतं ‘सलाईन चालू’ असं लिहून भागत नाही.

दुसरी, लघवीचा पीएच ७ किंवा वर. आम्लयुक्त लघवीत मेथोट्रेक्सेट विरघळत नाही, मूत्रपिंडात खडे धरतं आणि बाहेर जाणं रेंगाळतं. पट्टी दर लघवीला लावायची. पट्टीची बाटली उघडी राहिली की दमट हवेत पट्ट्या खोटं सांगतात. झाकण लावायचं, उघडल्याची तारीख लिहायची. कोला पेयं बंद : मूल रडतं म्हणून मामा बाटली आणून देतो आणि पीएच खाली येतो.

तिसरी, ल्युकोव्होरिन, म्हणजे मेथोट्रेक्सेटवरचा उतारा. २४ तासांच्या इन्फ्युजनमध्ये प्रोटोकॉलप्रमाणे बहुधा ४२ व्या तासाला पहिला डोस. ‘परवा सकाळी’ असं लिहिलं की घोळ होतो. इन्फ्युजन मंगळवारी दुपारी ४ ला सुरू झालं असेल तर ४२ वा तास म्हणजे गुरुवारी सकाळी १०. शीटवर वार आणि घड्याळाची वेळच लिहायची. रक्तातली पातळी जास्त राहिली तर डोस वाढतो आणि लांबतो. तो निर्णय डॉक्टरांचा, पण पातळीचा नमुना ठरल्या तासाला काढणं हे सिस्टरचं.

चौथी, सोबतची औषधं. शनिवार-रविवारची सेप्ट्रान, दुखण्यावरची आयबुप्रोफेनसारखी औषधं, अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल, ही सगळी मेथोट्रेक्सेट बाहेर पडणं अडवू शकतात. दाखल होतानाच डॉक्टर ही यादी बघतील, मग कुठली किती दिवस थांबवायची ते ठरेल.

मेन्टेनन्सच्या (घरी गोळ्यांवर चालणाऱ्या लांबच्या उपचारातल्या) मुलांसाठी वेगळी ओळ, लाल शाईत : मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच. ती रोज दिली गेली तर तोंड सोलून निघतं आणि काऊंट कोसळतात. चुकीला जागा राहते कारण दुसरी गोळी, मर्कॅप्टोप्युरिन, रोजची असते आणि दोन्ही पिवळसर दिसतात. पाकिटावर वार लिहायचा, ‘मंगळवारची गोळी’ असाच शब्द वापरायचा, आणि एका वेळी चार आठवड्यांच्याच गोळ्या मोजून द्यायच्या. मेन्टेनन्समधल्या मुलाचं तोंड एकाएकी आलं तर पहिला प्रश्न : ही गोळी कुठल्या कुठल्या वारी दिली?

८ जुलै

बर्फ. मेल्फालनसाठीच, आणि सांगितलेलं ऐकणाऱ्या मोठ्या मुलांसाठीच. औषध रक्तात जोरात असतं तेवढा वेळ तोंड गार ठेवलं की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तरापर्यंत औषध कमी पोचतं. इन्फ्युजनच्या ५ मिनिटं आधी सुरुवात, पूर्ण इन्फ्युजनभर आणि नंतर ३० मिनिटं. मेथोट्रेक्सेट २४ तास चालतं, तितका वेळ कुणी बर्फ चोखू शकत नाही, म्हणून तिथे याचा उपयोग नाही.

बर्फ वॉर्डातच उकळलेल्या पाण्याचा, झाकणाच्या ट्रेमध्ये, तारखेसह. बाहेरचा गोळा किंवा दुकानातली नळीतली ‘पेप्सी’ नाही, कुठल्या पाण्याची ते कळत नाही. लहान मुलाला अखंड खडा दिला तर घशात अडकतो, चुरा चमच्यानं द्यायचा. खडा एकाच गालात धरून बसलं तर दुसरा गाल उघडाच राहतो. सोबतच्या माणसाला ‘आता डावीकडे, आता जिभेखाली’ असं सांगत राहायला लावायचं.

२९ जुलै

(ब) चं काम. बोनमॅरो ट्रान्सप्लांट आणि डोकं-मानेचं रेडिएशन घेणाऱ्या मुलांसाठी तोंडातून लाल प्रकाश देण्याची शिफारस २०२१ च्या बालकर्करोगाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तरंगलांबी ६२० ते ७५० नॅनोमीटर. हा प्रकाश भाजत नाही, कापत नाही. पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियातलं एक एन्झाइम तो शोषतं आणि पेशी सावरायला मदत होते, अशी मांडणी आहे. जास्त दिला की जास्त फायदा असंही नाही, म्हणून मोजमाप नेमकं लागतं.

आमचं टेबलावरचं लक्ष्य ६६० नॅनोमीटरचे एलईडी, अस्तराशी ५० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी, ६० सेकंद : ३ जूल प्रति चौ. सेंमी. अर्ध्या तीव्रतेनं दुप्पट वेळ दिला तरी आकडा तोच येतो, पण चार वर्षांचं मूल तेवढं बसत नाही.

एलईडीला नुसता रेझिस्टर लावून लिथियम सेलवर चालवणं सोपं आणि बुधवार पेठेत सगळं मिळतं, पण डोस घसरतो. भरलेला सेल ४.२ व्होल्ट, एलईडी २.१ घेतो, उरलेले २.१ रेझिस्टरवर. २१ ओहमला १०० मिलिअँपिअर. सेल ३.४ वर आला की रेझिस्टरवर १.३ च उरतात आणि प्रवाह ६२ वर येतो. डोळ्याला दोन्ही उजेड सारखेच झगझगीत दिसतात, पण ६० सेकंदांत ३ ऐवजी १.९ जूलच्या आसपास पोचतात. म्हणून प्रवाह स्थिर ठेवणारा ड्रायव्हर, आणि सेल ठराविक व्होल्टेजखाली गेला की सत्र सुरूच होऊ न देणारं कुलूप.

उष्णता. पट्ट्याचे चारही भाग मिळून २० चौ. सेंमी एकदम पेटवले तर १ वॉट प्रकाश. कार्यक्षमता ४० टक्के धरली तर २.५ वॉट वीज लागते आणि १.५ वॉट तोंडात उष्णता म्हणून राहते. सुजलेल्या अस्तराला ते परवडणारं नाही. चार भाग एकापाठोपाठ एक पेटवायचे, एका वेळी एकच. सत्र चार मिनिटांचं होतं, उष्णता एका वेळी पावपट. पृष्ठभागाची आमची मर्यादा ४१ अंश. एलईडी तापला की उजेडही घटतो, त्यामुळे मोजणी गार असताना आणि चौथ्या मिनिटाला, दोन्ही वेळा.

११ ऑगस्ट

प्रकाश मोजायची पद्धत लिहून काढली, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते.

लक्समीटर किंवा फोनमधलं अ‍ॅप बाद. लक्स हे माणसाच्या डोळ्याच्या हिशोबानं मोजतात, आणि ६६० नॅनोमीटरला डोळ्याची संवेदना ५५५ च्या तुलनेत जेमतेम ६ टक्के. सिलिकॉन सेन्सरचा पॉवरमीटर घ्यायचा आणि त्यावर तरंगलांबी ६६० टाकायची. आधीच्या कामाची दुसरीच राहिली असेल तर आकडा चुकतो आणि चुकल्याचं कळतही नाही. आमच्या सेन्सरचा व्यास ९.५ मिमी, क्षेत्रफळ ०.७१ चौ. सेंमी. मीटरवर ३५.५ मिलिवॅट दिसले की ते ५० प्रति चौ. सेंमी झाले. मीटरवरचा आकडा तसाच उचलून लिहायचा नाही.

प्रत्येक भाग तीन अंतरांवर : टेकवून, ५ मिमी, १० मिमी. एलईडीचा उजेड पसरतो, त्यामुळे पट्टा गालापासून सुटला की तीव्रता झपाट्यानं पडते. तोंडात पट्टा नीट बसणं हा आरामाचा प्रश्न कमी आणि डोसचा जास्त आहे. म्हणून पट्ट्याचे आकार तीन असतील.

पट्ट्यावर एकदा वापरून टाकायची प्लास्टिकची पिशवी घालून पुन्हा मोजायचं. पारदर्शक प्लास्टिकच्या प्रत्येक पृष्ठभागावर साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो, म्हणजे एका थराला ८. चुरगळलेली, दुधी पिशवी आणखी खाते. पिशवी घालून केलेल्या मोजणीवरून वेळ ठरवायची, पिशवी वगळून नाही.

सिलिकॉनला हळदीचा पिवळा डाग पडतो आणि जात नाही. बघायला वाईट, पण हळदीचा रंग निळा प्रकाश शोषतो, लाल नाही, डोसला फरक पडत नाही. अ‍ॅक्रिलिकचा पर्याय सोडून दिला. स्पिरिटच्या पुसण्यांनी त्यावर बारीक भेगा पडतात, आणि त्या भेगा स्वच्छ करता येत नाहीत.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. सुट्टीवर घरी जाणाऱ्यांसाठी वेगळा कागद काढला. काऊंट कमी असताना मंडळाचा प्रसाद, फळांचे काप, पंचामृत नको. घरी उकडलेला मोदक, समोर केलेला, कोमट असताना चालेल. गर्दीत आरतीला नेऊ नये. तोंड चुरचुरायला लागलं की चिवडा, शेव, कडक भाकरीचा पापुद्रा, चिंच, लिंबू, टोमॅटो बंद. मऊ वरण-भात, तूप घालून गुरगुट्या भात, नाचणीची खीर, पातळ मुगाची खिचडी, सगळं कोमट. मूल स्ट्रॉनं पीत असेल तर स्ट्रॉचं टोक टाळूला टोचत नाही ना ते बघायचं.

१५ सप्टेंबर

तोंड बघायचा क्रम सिस्टर आणि पालक दोघांसाठी एकच : दोन्ही गाल, वरचा-खालचा ओठ आतून, जिभेच्या कडा, जिभेची खालची बाजू, मऊ टाळू. टॉर्च आणि स्वच्छ बोट, लाकडी चपटी पट्टी नको. केमोचे व्रण याच मऊ जागांवर येतात. कडक टाळू किंवा हिरडीवर फोडांचे पुंजके दिसले तर नागिणीच्या जातीच्या हर्पीसचा संशय घ्यायचा, स्वॅब पाठवायचा. दह्यासारखे पांढरे ठिपके, पुसल्यावर खाली लाल : बुरशी. या दोन्हींना औषध आहे, ‘केमोमुळेच असेल’ म्हणून बसून राहिलं की दिवस वाया जातात.

नोंद डब्ल्यूएचओच्या श्रेणीत. ० काही नाही. १ दुखणं, लाली. २ व्रण, पण घट्ट खातो. ३ व्रण, फक्त पातळ पितो. ४ तोंडानं काहीच जात नाही. बोलता येणाऱ्या मुलाला चेहऱ्यांचं चित्र दाखवून विचारायचं. न बोलणाऱ्याचं लाळ गळणं आणि बाटली बघून तोंड फिरवणं हेच उत्तर. श्रेणी ३ किंवा १०० फॅरनहाइटच्या वर ताप, दोन्हींपैकी काहीही झालं तर घरी थांबायचं नाही, रात्र असली तरी निघायचं. गावातल्या दवाखान्यात दाखवायला कागदावर शेवटच्या केमोची तारीख आणि औषधाचं नाव लिहिलेलं असतं.

तक्त्यात पाचव्या, सातव्या आणि दहाव्या दिवशी वॉर्डातून फोन. प्रश्न तीनच : काल काय खाल्लं, किती वेळा चूळ भरली, गालाचा आतला रंग कसा आहे. ‘बरं आहे का?’ असं विचारायचं नाही. उत्तर कायम ‘बरं आहे’ असंच येतं.

(ब) चं बाकी : पट्ट्यातून वायर बाहेर पडते तिथे मूल चावतं, आणि तिथूनच लाळ आत शिरते. जोडणी दातांच्या बाहेर दोन सेंमी सरकवून, ३७ अंशांच्या मीठपाण्यात बुडवून ठेवण्याची चाचणी पुन्हा घ्यायची. फूड-ग्रेड सिलिकॉनवर काम थांबवलं. अस्तराला टेकणाऱ्या वस्तूचे जैवसुसंगततेचे अहवाल असलेलंच घ्यायचं, भोसरीच्या साचेवाल्याला तसं कळवलं. तोंडातच गाठ असलेल्या मुलांना या उपकरणातून वगळायचं, हे वाक्य एथिक्स कमिटीच्या अर्जात पहिल्या पानावर आणायचं आहे.